‘ते’ म्हणजे कोण?

सातारा,
१२ मे २०२५

आदरणीय शकुंतलाबाई वाटवे यांस,
सा. न. वि. वि.

माझं नाव ज्ञानदा सोवनी. मी साताऱ्याची. गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात साहित्यानुवाद या विषयात एम. ए. करते आहे. वर्ग संपले, आता प्रबंध तेवढा उरलाय आणि तो घरी बसून लिहायची मुभा आहे, म्हणून परत आले. मराठीतलं थोडं साहित्य इंग्रजीत न्यायचं आणि नेताना कुठं अडलं, ते कसं सोडवलं, हे परिक्षकांना लिहून दाखवायचं, असं त्याचं स्वरूप आहे. माझ्या बाबांना हे अजून पटलेलं नाही. “भाषांतराला इंग्लंडला कशाला जायचं? शब्दकोश काय साताऱ्यात मिळत नाही?” असं ते येईल त्याला विचारतात.

तुमचं ‘मधल्या खोलीतल्या कथा’ मला आमच्या पेठेतल्या वाचनालयात सापडलं. खरं तर मी दुसरंच पुस्तक शोधायला गेले होते. दोन कपाटांच्या मधे उभ्याउभ्या पहिली कथा वाचली, मग खाली बसले. शेवटी ग्रंथपाल दिवे बंद करायला आले.

या पुस्तकातल्या चार कथा इंग्रजीत न्यायची परवानगी मला द्याल का? विशेषतः ‘ते’ ही कथा मला फार हवी आहे. तुमचा पत्ता प्रकाशकांच्या मुलानं दिला. फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून हे पत्र.

आपली नम्र,
ज्ञानदा


सांगली,
१९ मे २०२५

कु. ज्ञानदा सोवनी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. उत्तर मी लिहीत आहे, कारण सौ. शकुंतला लिहू शकत नाही. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. डॉक्टर म्हणतात की तिला समजते सगळे, पण शब्द सापडत नाहीत. मिरजेहून समीक्षा नावाची मुलगी येते, ती तिला पुन्हा बोलायला शिकवते. ‘चहा’, ‘पाणी’, ‘नको’ असे काही शब्द परत आले आहेत. ‘नको’ सर्वांत आधी आला.

आपले पत्र मी तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ लिफाफ्याकडे पाहत राहिली. तिला कुणाचे पत्र येऊन फार दिवस झाले. मग तिने मान हलवली. परवानगी आहे असे समजावे.

शंका मला विचाराव्यात. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले, त्यातही व्याकरण. या पुस्तकाची मुद्रितेही मीच तपासली होती. फोन मात्र नको. मला कमी ऐकू येते, आणि घंटा वाजली की ती दचकते.

आपला,
मधुसूदन वाटवे

ता. क. ‘परिक्षक’ नव्हे, ‘परीक्षक’.


सातारा,
२४ मे २०२५

आदरणीय वाटवे सर,
सा. न. वि. वि.

परवानगीबद्दल मनापासून आभार. बाईंच्या आजारपणाचं वाचून वाईट वाटलं. परीक्षक आता दीर्घ केले आहेत. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे माझ्या पत्रांत तुम्हाला बरंच काम मिळेल.

पहिलीच शंका ‘ते’ बद्दलची. कथा जेमतेम दोन पानांची. एक बाई दुपारी घरात एकटी असते. कुणीतरी येतं आणि जातं. तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते:

‘ते आले. खिडकीतले ऊन जरा बाजूला सरले. ते गेले. मधल्या वेळात मी एकदाच श्वास घेतला.’

मराठीत वाचताना मला काहीच अडलं नव्हतं. इंग्रजीत मात्र पहिल्याच शब्दाला थांबले. हे ‘ते’ कोण? घरातले कुणी मोठे असतील तर पुल्लिंगी ‘ही’ (he) लिहावं लागेल. पाखरू वगैरे असेल तर ‘इट’. कोण आलं हे आधी सांगितल्याशिवाय इंग्रजी दार उघडत नाही. आणि बाईंनी अख्ख्या कथेत ‘त्यांना’ किंवा ‘त्याला’ म्हणायची वेळच येऊ दिलेली नाही. सगळीकडे नुसतं ‘ते’.

बाईंना विचारून कळवाल का?

आपली,
ज्ञानदा


सांगली,
२ जून २०२५

कु. ज्ञानदा यांस,
स. न. वि. वि.

‘ते’ हे आदरार्थी बहुवचन आहे. कुणी एक गृहस्थ. ‘ही’ लिहावे.

त्यासाठी तिला त्रास देण्याची आवश्यकता मला वाटली नाही. संग्रहातली ती सर्वांत दुबळी कथा आहे. वगळली तरी चालेल. तिच्याऐवजी लग्नघरातली कथा घ्यावी. तीत माणसे पुष्कळ आहेत आणि संदिग्ध काही नाही.

आपला,
म. वाटवे


सातारा,
१० जून २०२५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ‘ही’ लिहायला बसले. दोन्ही पानं सरळ उतरली. पण शेवटच्या ओळीला पेन थांबलं:

‘उद्या ते येईल तेव्हा मी दार उघडेच ठेवीन.’

सर, तुम्ही व्याकरणाचे शिक्षक, मी काय सांगणार! पण आदरार्थी असतं तर ‘येतील’ हवं होतं ना? ‘ते येईल’ म्हणजे नपुंसकलिंगी, एकच कुणीतरी. आधीची ‘आले’, ‘गेले’ ही सगळी रूपं दोन्हीकडे चालतात. फक्त इथं, अगदी शेवटी, लेखिकेनं हातातलं पान उघड केलंय असं मला वाटतं. की हा छापखान्याचा घोटाळा आहे?

एक विनंती करू? ही कथा तुम्ही बाईंना एकदा मोठ्यानं वाचून दाखवाल का? त्यांनी नुसती मान हलवली तरी मला पुरे.

आगाऊपणा वाटला तर क्षमा करा.

आपली,
ज्ञानदा


सातारा,
१० जुलै २०२५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. माझ्या पत्रानं तुम्हाला दुखावलं असणार. बाबा म्हणाले, “त्यांच्या घरात आजारपण, आणि तू त्यांना लिंग-वचन विचारत बसलीस.” खरंय त्यांचं.

मी शेवटी ‘ही’ लिहून मसुदा मार्गदर्शक बाईंकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “छान, नेटकी प्रेमकथा आहे.” ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. मराठीत जे वाचून मी वाचनालयाच्या फरशीवर बसून राहिले होते, ती नेटकी प्रेमकथा नव्हती. काय होती ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते दुसऱ्या भाषेत न्यायचा मला अधिकार नाही.

म्हणून ‘ते’ वगळते आहे. बाकी तीन कथा झाल्यात. बाईंना माझा नमस्कार सांगा.

आपली,
ज्ञानदा


सांगली,
१७ जुलै २०२५

चि. ज्ञानदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला ‘आपण’ लिहिणं आता मला जमणार नाही. तू नातीच्या वयाची, आणि जे लिहायचं आहे ते परक्याला लिहिता येण्यासारखं नाही.

कथा वगळू नकोस.

तुझं जूनचं पत्र मी घडी घालून ठेवून दिलं होतं. ‘येईल’ हा मुद्रणदोष आहे असं कळवणार होतो. मुद्रितांत मीच तिथं खूण केली होती, ‘येतील’ करावे. पुस्तक हातात आलं तर पुन्हा ‘येईल’च. मी कंपोझिटरला नावं ठेवली आणि विषय संपवला.

पण मी उत्तर टाळलं त्याचं कारण व्याकरण नव्हतं. शकुंतला अथणीची, कानडी घरातली. लग्न होऊन साताऱ्याला आली तेव्हा मोडकंतोडकं मराठी बोलायची. नंतर इतकं शिकली की कथा लिहू लागली. ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, ‘ते’ म्हणजे अथणीचा कुणीतरी. आपल्या आधीचा. “भाषा चांगली साधली आहे,” एवढंच मी म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली. पुढं तिनं लिहिणं सोडलं. का सोडलं, मी विचारलं नाही. गैरसमज नको, संसार आमचा चांगला झाला. हसलो, भांडलो, काशीला जाऊन आलो. पण त्या दोन पानांना आम्ही दोघंही कायम वळसा घालून गेलो.

परवा तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. वगळते आहे, इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, “नको.” पुन्हा म्हणाली, “नको, नको,” आणि डाव्या हातानं कपाट दाखवलं. मी पुस्तक काढलं. समीक्षाही होती, तिच्या शिकवणीची वेळ होती. ती म्हणाली, “वाचा ना काका.”

मी वाचायला लागलो. शकू डोळे मिटून ऐकत होती. शेवटच्या ओळीला माझ्या तोंडून सवयीनं ‘येतील’ गेलं. तिनं गादीवर हात आपटला. “येईल.” इतका स्वच्छ शब्द आजारपणानंतर मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. “येईल. येईल.” मग म्हणाली, “कूसु.”

हा शब्द ती बरेच दिवस म्हणते आहे. मला वाटायचं, कूस बदलायची आहे. मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचो. ती पुन्हा म्हणायची, मी पुन्हा वळवायचो. तिचं सगळं करायला आटपाडीकडच्या बयाबाई येतात, त्या एकदा मला रागावल्याही होत्या. “आवं काका, सारकं उलटंपालटं करून बाईंस्नी दमवाय लागलायसा तुमी. त्यास्नी दुसरंच कायतरी पायजे हाय.” मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय, पाठीला जखमा होतात.

समीक्षा बेळगावात शिकलेली. तिच्या कानावर हा शब्द पहिल्यांदाच पडला. ती म्हणाली, “काका, कानडीत कूसु म्हणजे तान्हं बाळ.”

ज्ञानदा, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्हाला मूल झालं होतं. साताऱ्यालाच. सातव्या महिन्यात. जन्मलं तेव्हाच त्यात जीव नव्हता. शकूला ताप चढला होता, ती शुद्धीवर नव्हती. वडील आणि मी त्याला घेऊन माहुलीला गेलो, नदीकाठी. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. घरात मोठी माणसं म्हणाली, आता तो विषय काढू नका, तिच्या जिवाला घोर लागेल. पुढं मूल झालं नाही. विषय निघाला नाही.

मी तिला विचारलं, “शकू, ‘ते’ म्हणजे आपलं बाळ?” तिनं मान हलवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “काय?” मला कळेना. पुन्हा म्हणाली, “काय... होतं?” समीक्षानं हळूच विचारलं, “मुलगा की मुलगी, असं विचारताय का काकू?” शकूचे डोळे भरून आले.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की आईनं सांगितलं असेल. आईनं धरलं असेल की मी सांगितलं. म्हणून तिनं ‘ते’ लिहिलं. तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

मला माहीत आहे ग. पण त्या क्षणी चहा ठेवतो म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवतो.

तुझा,
मधुकाका


सातारा,
२१ जुलै २०२५

प्रिय मधुकाका,
सा. न.

तुमचं पत्र घेऊन मी गच्चीत जाऊन बसले. बाबा हाक मारत होते, तरी खाली आले नाही.

मग कथा परत वाचली. शब्द तेच आहेत आणि एकही वाक्य आधीसारखं राहिलेलं नाही. ‘मधल्या वेळात मी एकदाच श्वास घेतला’ हे मी किती ऐटीत इंग्रजीत केलं होतं! आता ते वाक्य मला वाचवत नाही.

इंग्रजी मी बाजूला ठेवलंय. प्रबंधाची तारीख जवळ आली तरी ठेवलंय.

काका, एकच सांगते. मुलगा होता की मुलगी, हे मला कळवू नका. माझ्याआधी ते काकूंना कळायला हवं. तुम्ही इतकी वर्षं वर्गात उभं राहून अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्यात. ही तर एका शब्दाची गोष्ट आहे. त्या ‘काय’ म्हणाल्या, म्हणजे ऐकायला तयार आहेत.

काकूंना माझा नमस्कार.

तुमची,
ज्ञानदा


सांगली,
३ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं.

रविवारी सकाळी बयाबाईंनी तिला न्हाऊ घातलं, ओसरीत उन्हाला खुर्चीवर बसवलं. पावसानं जरा उघडीप दिली होती. मी तिचे केस विंचरत होतो. आता मला जमतं ते. समोर उभं राहून सांगणं माझ्याच्यानं झालं नसतं, पाठीमागं उभा होतो म्हणून झालं. म्हणालो, “शकू, मुलगी होती.”

 मी विंचरत राहिलो. मग तिनं डावा हात वर करून माझं मनगट धरलं आणि मला पुढं ओढलं. माझं तोंड बघायचं होतं तिला.

“तुम्ही... बघितली?”

म्हटलं, “हो. मीच घेतली होती.”

ती शब्द शोधत होती. समीक्षानं शिकवलंय, घाई करायची नाही, आपण शब्द पुरवायचा नाही. मी थांबलो. मग तिनं स्वतःच्या केसांना हात लावला. “केस?”

“खूप होते. काळेभोर. कपाळावर आलेले.”

“नाक?”

“तुझं.”

ती हसली. आणि मग रडली. मीही. बयाबाई चहा घेऊन आल्या, आम्हाला पाहून तशाच परत गेल्या. नंतर शकूनं मला आणखी पुष्कळ विचारलं. एकेका शब्दानं विचारायची. थंड होती का? कशात गुंडाळली? मी सगळं सांगितलं. मला सगळं आठवत होतं, आणि ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, हेही मला त्याच वेळी कळलं.

आता तुझं काम. इंग्रजीत सगळीकडे ‘शी’ लिही. पहिल्या शब्दापासून. ‘शी’ आली, ‘शी’ गेली. आमच्या मुलीला कुठंतरी, एखाद्या भाषेत तरी, मुलगी म्हटलेलं मला बघायचंय.

तुझा,
मधुकाका


सातारा,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय मधुकाका,
सा. न.

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. रागावू नका, माझ्या एकटीच्यानं पेलवेना. बाबा चष्मा पुसत म्हणाले, “त्यांना म्हणावं, साताऱ्याला कधी आलात तर आमच्याकडेच उतरा.” तेव्हापासून त्यांनी शब्दकोशाचं नाव काढलेलं नाही.

तुम्ही सांगितलंत तसं ‘शी’ लिहून पाहिलं. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण काका, मनात एक शंका आहे, आणि तुम्हीच म्हणाला होतात की शंका विचाराव्यात.

कथा लिहिली तेव्हा काकूंना माहीत नव्हतं. त्या न कळण्यातूनच तर ती कथा आली. आज आपल्याला कळलंय म्हणून मी तिथं ‘शी’ लिहिलं, तर कथेतल्या त्या बाईचं दुःख मी बदलते. आणि न लिहावं, तर तुमची इतकी साधी इच्छा मोडते. मला ठरवता येत नाही. मला वाटतं हे तुम्हीही ठरवू नये. काकूंना विचाराल? त्या म्हणतील तेच मी लिहीन, परीक्षकांना पटो न पटो.

टीव्हीवर कृष्णेचं पाणी वाढल्याचं दाखवतायत. जपून राहा.

तुमची,
ज्ञानदा


सांगली,
२० ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

आमच्या भागात पाणी येत नाही, काळजी नको. समीक्षाला मात्र येता आलं नाही, म्हणून शिकवणी मीच घेतो. शकू माझ्यावर चिडते. समीक्षा बरी, असं म्हणते. म्हणजे ‘बरी’ हा शब्द आला.

तुझं पत्र वाचून मला आधी रागच आला. म्हटलं, ही मुलगी फार शिकली. पण तिला विचारलं. मला खात्री होती ती माझ्याच बाजूनं बोलेल. इंग्रजीतल्या ‘शी’चा अर्थ मराठीत सांगितला, बघ, असं लिहिलं की जगाला कळेल मुलगी होती.

“नको,” म्हणाली.

मी वाद घातला. आजारी बायकोशी वाद घातला, काय सांगू तुला. म्हटलं, “का नको? आता माहीत आहे ना?”

तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, त्या पानावर तळवा ठेवला. किती वेळ लागला कुणास ठाऊक, मी मधे बोललो नाही. मग म्हणाली, “हिला... माहीत नाही.” आणि तळवा उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. “मला आहे.”

ज्ञानदा, मी आयुष्यभर मुलांना प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष शिकवत आलो. लिहिणारी आणि कथेतली ‘मी’ वेगळ्या असतात, हेही शिकवलं असेन. पण ते मला तिनं परवा ओसरीत शिकवलं.

‘शी’ खोड. मी हट्ट सोडला.

तुझा,
मधुकाका


सातारा,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय काका आणि काकू,
सा. न.

काकू, हे पत्र तुम्हालाही आहे. काका वाचून दाखवतील.

प्रबंध काल पाठवला. ‘ते’ त्यात सर्वांत शेवटी आहे. काय केलं ते सांगते. हल्ली इंग्रजीत एखादा माणूस स्त्री की पुरुष हे माहीत नसलं, तर एकाच माणसाला ‘दे’ म्हणतात. ‘दे’ म्हणजे खरं तर पुष्कळ जण. पण आता एकालाही चालतं. म्हणजे हा शब्द वाचून आधी वाटतं, पुष्कळ माणसं आली. मग वाटतं, कुणी एकच आहे. आणि कोण, ते कळत नाही. आपल्या ‘ते’च्या जितकं जवळ जाता येतं तितकं हे जवळ जातं. फरशीवर बसायला लावण्याइतकं आहे की नाही, माहीत नाही. मार्गदर्शक बाईंनी वाचून फक्त एवढं कळवलं, “मी आधी चुकीचं वाचलं होतं.”

एक गोष्ट मात्र गेली. ‘येईल’ आणि ‘येतील’ इंग्रजीत एकच. काकू, तुम्ही शेवटी जे इतकं जपून ठेवलं होतं ते माझ्या हातून निसटलं. खूप धडपडले, नाही जमलं. प्रबंधात तसं सरळ लिहिलंय, हे मराठीतच राहिलं.

काका, मागं बाबांनी म्हटलंय ते खरंच मनावर घ्या. पाऊस कमी झाला की काकूंना घेऊन या. माझ्याकडे गाडी आहे. माहुलीला जायचं असेल तर मी नेईन. नसेल जायचं तर चहा पिऊ.

तुमची,
ज्ञानदा


सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. प्रवासानं शकू थकली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाईंना म्हणाली, “सातारा.” बयाबाई म्हणाल्या, “व्हय बाई, लय लांब जाऊन आलासा.” तेव्हापासून येईल त्याला ‘सातारा’ सांगणं चालू आहे. तुझ्या बाबांनी केलेल्या पाहुणचाराबद्दल त्यांना माझे आणि तिचे आभार. तुझे बाबा आणि मी र्‍हस्व-दीर्घावरून जे बोलत बसलो, त्यानं तू कंटाळलीस हे मला दिसत होतं.

निकाल कळव. पहिला वर्ग मिळाला नाही तरी आम्ही पेढे वाटणार आहोत. बयाबाईंना तसं सांगून ठेवलंय. समीक्षा म्हणते, काकूंनी आता डाव्या हातानं लिहायला सुरुवात करावी. पाटी आणली आहे. शकूनं पहिल्या दिवशी मला खोलीबाहेर काढलं. लिहिताना कुणी समोर असलेलं तिला पूर्वीही चालत नसे.

आणि आता माहुलीचं. घाटावर तू पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेलीस, तेव्हा आम्ही दोघंच होतो. नदी भरून वाहत होती. ती जागा मला दाखवता आली नाही, काठ सगळा बदललाय. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “असू दे.” खुर्चीतून वाकून तिनं पाण्याकडे पाहिलं आणि मुलीचं नाव ठेवलं. एकदा हळू म्हणाली, आणि मला कमी ऐकू येतं म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाली. बारशाला नाव कानात सांगतात ना, तसं ते माझ्या कानात सांगितलं गेलं.

आज हे पत्र लिहायला बसलो तेव्हा तिला विचारलं, “ज्ञानदाला नाव कळवू का?”

तिनं बराच विचार केला. मग तोंडाचा एक कोपरा वर करून हसली. आजकाल तसंच हसते.

“नको,” म्हणाली. “लगेच इंग्रजीत नेईल.”

तुझे,
मधुकाका आणि शकूकाकू